खोट्या नाण्यांना चाप कोण लावणार?

एका बाजूस राम, लक्ष्मण, सीता व मारुती आणि दुसऱ्या बाजूस ‘ईस्ट इंडिया कंपनी, 1818’ ही अक्षरे. असे तांब्यापितळेचे नाणे ‘दुर्मिळ’ म्हणून पुढे करून लाखांच्या गोष्टी सांगणारे महाभाग अद्यापि गिऱ्हाईक गाठत असतात. निदान नागपूरकरांनी तरी या थापेस भुलू नये. 1817 च्या नोव्हेंबरात कंपनीच्या फौजेने सीताबर्डीवर भोसल्यांचा पराभव केला. दुसऱ्याच वर्षी त्याच कंपनीला रामभक्तीचा उमाळा आला, हे मानावयास भाबडेपणाही विशेष प्रतीचा लागतो. वस्तुतः असे चलन कंपनीने कधीही काढले नाही. साऱ्या मुलखासाठी तिची एकसारखी नाणी निघाली ती 1835 पासून. खुद्द भोसल्यांचे रुपयेही मुघल बादशहाच्या नावानेच पडत. रामटंका म्हणून जी खरी मुद्रा असते, ती पूजेची, व्यवहाराची नव्हे.

शिवराईची विटंबना याहून क्लेशकारक आहे. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ या अक्षरांवर मराठी मनाची श्रद्धा, आणि नेमकी तीच विक्रेत्याचे भांडवल. शिवराई महाराजांच्या पश्चात, पेशवाईतही पडत राहिली. तेव्हा हाती आलेली प्रत्येक शिवराई त्यांच्याच काळातील नसते, हे तो अर्थातच सांगत नाही. खरी शिवराई हाताने ठोकलेली. ठसा कधी तिरपा बसे, अक्षर कडेबाहेर जाई. एक नाणे दुसऱ्यासारखे क्वचितच. म्हणून दोन शिवराया खाचाओरखड्यांसह तंतोतंत जुळल्या, तर त्या एकाच साच्यातून ओतल्या आहेत असे खुशाल समजावे. ओतीव नाण्याच्या अंगावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे आणि कडेला जोडाची रेघ बहुधा सापडतेच. राणीछाप रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा. झिजेने ते थोडे घटते, पण वाढत कधीच नाही. सराफाचा काटा येथे पुरेसा आहे.

फसलेल्याचे पैसे बुडतात, एवढ्यावर हे भागत नाही. 1939 मध्ये अकोला जिल्ह्यात तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा पुराणांच्या याद्यांत नसलेल्या राजांची नावे उजेडात आली. नाणे हा इतिहासाचा साक्षीदार. बाजार खोट्या साक्षीदारांनी भरला की खऱ्याच्या शब्दालाही किंमत उरत नाही.

जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही, त्यासाठी आपण कोणाकडून शुल्क वा कमिशन मागत नाही, असा खुलासा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2021 मध्ये करावा लागला. बँकेचे कार्यालय सदरच्या उंबरठ्यावर. 1863 पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांचा अजब बंगला, तेही जवळच. बँकेचा तो खुलासा मराठीत, मोठ्या अक्षरांत सदरच्या बाजारात लागावा. संग्रहालयाने खरी आणि खोटी शिवराई एकाच काचेखाली शेजारी-शेजारी मांडावी आणि आठवड्यातून एक दुपार नाणकशास्त्राच्या जाणकाराला सामान्य माणसासाठी बसवावे. एक टेबल, एक भिंग आणि एक तराजू, याहून अधिक खर्च त्यास नाही.