लाल टोपण, नारिंगी टोपण

"इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटलं की चांगला केमिस्ट आधी विचारतो, "लाल की नारिंगी?" गिऱ्हाईक गोंधळतं. सुई ती सुई, तिचा रंग कशाला बघायचा?

बघायचा, कारण आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं. काचेच्या बाटलीतलं बहुधा ४० चं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. पेनातलं नि कार्ट्रिजमधलं साधारणपणे १०० चं. वर १०० च्या बाटल्याही मिळतातच. ४० ला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात ५० युनिट जातात. रात्री जेवण कमी झालेलं असलं की पहाटे माणूस घामाने थबथबलेला, असंबद्ध बरळताना सापडतो. उलट चुकलं तर २० ऐवजी आठच युनिट जातात, आणि घरचे विचारतात, चोरून गोड खाता का?

पेन बिघडलं की कार्ट्रिजमध्ये सुई खुपसून औषध ओढायचा जुगाड घरोघरी चालतो. कार्ट्रिज १०० चं, घरातली सिरिंज लाल! त्यात २०२५ मध्ये एका बड्या कंपनीने ह्यूमन इन्सुलिनची पेनं भारतातून काढून घ्यायचं ठरवलं. बाटल्या चालू ठेवल्या. पेनावर आकडा फिरवला की झालं, अशी सवय लागलेल्यांना आता सिरिंजच्या रेघा मोजायच्या आहेत.

आणि खोकं बघा. ब्रँडचं नाव दुकानाच्या पायरीवरून वाचता येतं. मिश्र इन्सुलिन असेल तर नावाशेजारी ठळक ३०, पण ते मिश्रणाचं प्रमाण. त्याचा ताकदीशी संबंध नाही. खरा आकडा, ४० की १००, कुठेतरी बारीक अक्षरांत. हे औषध घेणाऱ्यांत कितीतरी जणांची नजर मधुमेहानेच अधू केलेली असते, हे खोकं आखणाऱ्याच्या गावीही नसावं.

ब्रिटनने १९८३ मध्ये सगळं इन्सुलिन १०० वर आणून हा घोळ निस्तरला. आपल्याकडे ४० ची बाटली स्वस्त, तिच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण, आणि असंख्य हातांना तिचीच सवय. एका रात्रीत बदल केला तर त्या बदलातच माणसं दगावतील, हे मान्य. पण ताकदीचा आकडा ब्रँडच्या नावाएवढा मोठा छापायला आणि खोक्यावर सिरिंजचा रंग दाखवायला कुणी अडवलंय? औषध नियंत्रकांनी एवढं तरी सक्तीचं करावं.

तोवर सिरिंज आणायला जाताना रिकामं खोकं सोबत न्या. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ४० की १०० हे लिहून घ्या. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळत नसेल, तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय सुई टोचू नका.