राख फेकणारी पोर

चांदण्या कुणी केल्या असं विचारा, लोक देवीच दाखवतील. इजिप्तची नूत बघा. अख्खं आभाळ म्हणजे तिचं अंग, त्यावर तारे. राजांच्या थडग्यांत छतावर रंगवलेली. राजाला परवडणारी देवी.

दोस्तांनो, मला पटते ती दुसरीच. दक्षिण आफ्रिकेतल्या खाम लोकांची. हे शिकारी लोक. गोरे त्यांना बुशमन म्हणत, म्हणजे झुडपातली माणसं. त्यांच्या कथेत न्हाण आलेली एक साधी पोर आहे. तिला वेगळ्या झोपडीत टाकलेलं. तरण्या पोरांनी मारलेली शिकार तिला वर्ज्य. आई कंद देते, तेही थोडेसेच. पोर चिडते. उठते, राखेत हात घालते आणि राख आभाळात भिरकावते. झाली आकाशगंगा! मग कंद फेकते. त्यांचे तारे होतात, काही लाल, काही पांढरे. त्या राखेच्या उजेडात रात्रीचा माणूस घरी पोचतो. जिला बाजूला टाकलं, तिनंच सगळ्यांना घरची वाट दाखवली.

ही कथा जगाला कळली कैद्यांमुळे. १८७० नंतर केपटाऊनच्या तुरुंगातले खाम कैदी, बरेचसे जनावरं चोरली म्हणून धरलेले. ज्यांच्या शिकारीच्या जमिनी गोऱ्यांनी बळकावल्या, चोर साले तेच ठरले! विल्हेल्म ब्लीक आणि ल्यूसी लॉइड यांनी त्यांचं ऐकून लिहून घेतलं. पुस्तक निघालं १९११ साली. आज खाम भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. २००० साली त्या देशाच्या नव्या राजचिन्हावर बोधवाक्य आलं ते ह्याच भाषेत. मारणारे वेगळे, मान देणारे वेगळे, हे कबूल. पण मान मिळाला तो भाषा मेल्यावर.

लांबचं कशाला? माझी आई महिन्यातले चार दिवस दाराबाहेर बसायची. कावळा शिवला म्हणायचे. ताट लांबून सरकवायचे, मीसुद्धा सरकवलंय. ज्या गावानं आम्हाला वेशीबाहेर ठेवलं, त्याच गावाचा विटाळ आम्ही घरात आणून आईवर लादला. हे आपल्यालाच बोलावं लागेल.

म्हणून सांगतो, त्या पोरीला देवी करू नका. देवी केली की देऊळ येणार, देऊळ आलं की पुजारी येणार. आणि तो सगळ्यात आधी बाहेर काढेल तिलाच, पाळीच्या दिवसांत.