यंदा साऊंड किती, हा प्रश्नच चुकीचा आहे

जयंतीच्या तयारीच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो: यंदा साऊंड किती? बेस किती, टॉप किती, भिंत किती फुटांची. शेवटच्या रांगेतल्या आजीला भीमगीताचे शब्द कळतील का, हे मात्र कोणी विचारत नाही. मित्रांनो, पहिला प्रश्न हाच असला पाहिजे.

यामागचं विज्ञान सरळ आहे. मोकळ्या मैदानात एका जागी ठेवलेल्या स्पीकरपासून अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. म्हणजे 2 मीटरवर बसलेला आणि 64 मीटरवर उभा असलेला माणूस यांच्यात 30 डेसिबलचा फरक. मागच्यासाठी आवाज वाढवला की पुढच्या लेकरांचे कान जातात. त्यात जमिनीवर रचलेल्या पेट्यांचा बारीक आवाज पुढच्या गर्दीतच अडतो. मागे पोहोचतो तो नुसता धडधडाट; शब्द पोहोचत नाहीत.

मोठ्या कॉन्सर्टमध्ये स्टेजच्या दोन्ही बाजूंना स्पीकरची वाकडी माळ टांगलेली दिसते. ती लाइन अ‍ॅरे. वरच्या पेट्या लांबच्या रांगांवर, खालच्या जवळच्या रांगांवर रोखलेल्या असतात. मैदान मोजून प्रत्येक पेटीचा कोन आधीच ठरवतात. हेतू एकच, पुढे आणि मागे जवळपास सारखा आवाज. मैदान लांब असेल तर मध्ये डिले टॉवर उभारतात. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणून स्टेजपासून 68 मीटरवरच्या टॉवरचा आवाज सेकंदाचा पाचवा भाग उशिरा सोडतात. नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

“एवढं बजेट कुठलं?” असं कोणी म्हणेल. दोन बेस कमी करा, टॉप उंचावर चढवा, मैदानाच्या मध्ये एक जोडी लावा. बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये डिलेची सोय असते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: “त्यांचा डीजे चालतो, मग आमच्यावरच गुन्हा का?” 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मोकळ्या जागेत रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकरला बंदी घातली आहे. हा नियम सर्वांना सारखाच लागला पाहिजे आणि पोलीस भेदभाव करतील तिथे भांडलंच पाहिजे. पण समतेची लढाई म्हणजे त्यांच्याइतकंच बहिरं होण्याचा हक्क नव्हे.

आपली चळवळ शब्दावर वाढली. वामनदादा कर्डकांनी गावोगावी गाऊन बाबासाहेबांचा विचार पोहोचवला. तोच शब्द आज बेसखाली गाडला जात असेल, तर आपण साजरं काय करतोय?

म्हणून यंदा साऊंडवाल्याला आधी मैदान दाखवा. पेट्या कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला, हे कागदावर घ्या. साऊंड चेकच्या वेळी कार्यकर्त्यांनी स्टेजवर गर्दी करू नये. महिलांच्या बैठकीत, कोपऱ्यात, शेवटच्या रांगेत जाऊन उभं राहावं. तिथे शब्द कळला, तरच कार्यक्रम सुरू करा.

जय भीम!