छातीतली धडधड आणि भीतीचे अर्थकारण

राजकीय साप्ताहिकाच्या या पानावर छातीच्या धडधडीविषयी लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची पिळवणूक हे आमचे नेहमीचे विषय होत. परंतु गेली काही वर्षे नागपुरातील आमच्या बैठका संपल्या, की मागच्या बाकावर एक निराळीच कुजबुज ऐकू येते. कोणाला रात्री दचकून जाग येते, कोणाचा जिना चढताना ठोका चुकतो, कोणी मोर्चात चालण्याचे टाळतो. विचारले तर उत्तर मिळते, ‘प्रकृती बरी नसते.’ ‘भीती वाटते’ असे मात्र कोणी म्हणत नाही. चळवळीत भीती हा शब्द उच्चारणे कमीपणाचे मानले जाते. म्हणूनच तो येथे उच्चारणे आम्हास अगत्याचे वाटते.

आमच्या एका तरुण कार्यकर्त्याचे उदाहरण घेऊ. वय पस्तिशीच्या आत, ऑटोरिक्षा चालवून घर चालविणारा, सभेसाठी सतरंज्या अंथरण्यापासून भाषण करण्यापर्यंत कोणत्याही कामास तयार. एके दिवशी भर रस्त्यात त्याची छाती जोराने धडधडू लागली, हातापायांना मुंग्या आल्या, आता आपण मरणार असे त्यास वाटले. खासगी रुग्णालयात ईसीजी निघाला, तो निर्दोष होता. तरी खात्रीसाठी इको झाला, चोवीस तासांचे होल्टर झाले, पुढे सीटीदेखील झाला. प्रत्येक अहवाल निर्दोष आणि प्रत्येक अहवालानंतरचे समाधान आधीपेक्षा अल्पजीवी. आठ महिन्यांत साठवलेला पैसा संपला, ऑटो भाड्याने दुसऱ्याकडे गेली आणि हा गृहस्थ मनगटावर बोट ठेवून घरात बसून राहिला. त्याच्या हृदयात दोष नव्हता. तथापि त्याचे दुःख खोटे होते, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.

ही भीती आकाशातून पडलेली नाही. २०२१ सालच्या एप्रिल महिन्यात या शहराने जे पाहिले, ते विसरणे शक्य नाही. खाट मिळेल काय, प्राणवायू मिळेल काय, या विवंचनेत रुग्णांचे नातलग एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत होते. त्या दिवसांत घरोघरी बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर आले. साथ ओसरली, पण ते यंत्र उशाशी राहिले. त्यावर दोन आकडे दिसतात, एक प्राणवायूचा व दुसरा नाडीचा. पहिल्याची चिंता मिटली, तेव्हा लोक दुसऱ्याकडे पाहू लागले. प्रस्तुत लेखकही त्यातलाच एक. पहाटे तीन वाजता उठून आकडा पाहावा, तो ९६ दिसावा, ९६ पाहून घाबरावे आणि घाबरल्यामुळे तो ११० व्हावा, असा उद्योग या अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने कित्येक आठवडे केला आहे.

त्यात सप्टेंबर २०२१ मध्ये सिद्धार्थ शुक्ला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पुनीत राजकुमार या दोन लोकप्रिय नटांचे अकाली निधन झाले. पाठोपाठ नाचता नाचता, व्यायाम करता करता कोसळणाऱ्या माणसांची चित्रणे मोबाइलवरून फिरू लागली व लसीवर संशय घेतला जाऊ लागला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने १८ ते ४५ वयोगटातील अशा अनाकलनीय आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला व तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीमुळे धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. कोविडसाठी पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबात आकस्मिक मृत्यूचा इतिहास असणे, मृत्यूपूर्वीच्या दोन दिवसांत अतिमद्यपान वा जबर शारीरिक श्रम केलेले असणे, या गोष्टींशी मात्र धोक्याचा संबंध दिसून आला. ते चित्रण लाखोंनी पाहिले. हा निष्कर्ष किती जणांपर्यंत पोहोचला?

आता धडधडीची यंत्रणा थोडी समजून घेऊ, कारण अज्ञान हे या भीतीचे पहिले भांडवल आहे. आपले हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. निरोगी माणसातही त्यातला एखादा ठोका वेळेआधी पडतो, त्यानंतर क्षणभर विराम येतो व पुढचा ठोका अधिक जोराचा जाणवतो. यालाच आपण ‘ठोका चुकला’ असे म्हणतो. निकोप हृदयात असे अधूनमधून घडणे बहुधा निरुपद्रवी असते. परंतु मनाने त्याचा अर्थ ‘मरण’ असा लावला, की शरीर धोक्याच्या तयारीस लागते. अ‍ॅड्रेनलिन रक्तात येते, ठोके वाढतात, श्वास उथळ व जलद होतो, त्या श्वासामुळे हातांना मुंग्या येतात आणि ही सारी लक्षणे मूळ शंकेचा पुरावा ठरतात. भीतीने धडधड वाढते व धडधडीने भीती वाढते. हे चक्र काही मिनिटांत शिगेला पोहोचून आपोआप ओसरते. पण तोवर माणूस रुग्णालयाच्या दारात पोहोचलेला असतो आणि ‘येथे आलो म्हणून वाचलो’ असा चुकीचा धडा घेऊन परततो.

यात नामर्दपणा शोधणाऱ्यांनी थोडा इतिहास पाहावा. अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेल्या शेकडो सैनिकांना धडधड, छातीत दुखणे व धाप यांनी ग्रासले होते. डॉ. जेकब डा कोस्टा यांनी त्यांच्यावरील अभ्यास १८७१ साली प्रसिद्ध केला. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात हीच तक्रार मोठ्या प्रमाणावर आढळली. अशा सैनिकांना हृदयरोगी ठरवून महिनोन्महिने खाटेवर निजवून ठेवण्यात येई. डॉ. थॉमस लुईस यांनी हा प्रघात मोडला आणि बेताबेताने वाढणाऱ्या कवायतीने त्यांतील अनेकांना पुन्हा कामावर उभे केले. तोफांसमोर उभे राहिलेल्या या माणसांना भ्याड कोण म्हणेल? धडधडीला शौर्य कळत नाही. मात्र विश्रांतीच्या नावाखाली लादलेले निष्क्रियपण रोग्याला अधिकच रोगी करते, हा त्या अनुभवातून निघालेला धडा आजही खरा आहे.

येथपर्यंत प्रश्न शरीराचा व मनाचा झाला. यापुढे तो अर्थकारणाचा होतो. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात दाखवून दिले, की वैद्यकीय सेवा ही कांदे-बटाट्यासारखी वस्तू नव्हे. आजार केव्हा येईल हे अनिश्चित, उपचार लागू पडेल काय हे अनिश्चित आणि विकत घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याचे ज्ञान कितीतरी अधिक. म्हणूनच तेथे विश्वास हवा. तो विश्वास क्षीण झाला, म्हणजे त्याच्या जागी तपासणी येते. भ्यालेल्या माणसास खात्री हवी असते. बाजार ती तुकड्यातुकड्यांनी विकतो आणि शंभर टक्के खात्री कोणत्याच यंत्रात नसल्यामुळे गिऱ्हाईक पुन्हा येते. सर्वच डॉक्टर लुबाडणूक करतात, असे आम्हास मुळीच म्हणावयाचे नाही. पण तपासणीचे पैसे मिळतात आणि वीस मिनिटे ऐकून घेण्याचे फारसे मिळत नाहीत, अशी व्यवस्था असेल तर प्रामाणिक डॉक्टरही तपासणीकडेच झुकेल. फेब्रुवारी २०१७ मध्ये शासनाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये व औषधयुक्त स्टेंटसाठी २९,६०० रुपये. ते पाऊल योग्यच होते. परंतु अनावश्यक भीतीची किंमत अशा आदेशाने बांधता येत नाही. तिला समोर बसून ऐकणारा माणूस लागतो.

या नाण्याची दुसरी बाजू अधिक क्रूर आहे. आमच्या माहितीतील धुणीभांडी करणाऱ्या एका बाईस तीन वर्षे धडधड व धाप होत होती. प्रत्येक ठिकाणी ‘टेन्शन आहे’, ‘गॅस आहे’ असे सांगून गोळ्या देण्यात आल्या. अखेर तपासणी झाली, तेव्हा संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झाल्याचे निघाले. हा दाटीच्या वस्तीत व गरिबीत पोसला जाणारा रोग आहे. विदर्भात स्त्रियांमधील रक्तक्षय आहे, आदिवासी व दलित समाजांत सिकलसेल आहे, थायरॉइडचे विकार आहेत, मे महिन्याच्या उन्हात पाण्यावाचून काम करणे आहे, तोंडात दिवसभर खर्रा आहे. या सर्वांनी छाती धडधडते. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्या निरोगी हृदयाची दहादा तपासणी व्हावी आणि जिच्याजवळ तो नाही तिच्या रोगट हृदयास मनाचे खेळ म्हणून वाटेला लावावे, ही विषमता उत्पन्नाच्या विषमतेइतकीच संतापजनक आहे. ‘धडधड म्हणजे नुसती भीती’ असे सूत्र म्हणूनच आम्ही कोणासही देणार नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी विवेक शिकावा व शिकवावा. धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दाब येऊन घाम सुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, श्वास कोंडला, ऐन श्रमात चक्कर येऊन कोसळावयास झाले, आधीपासून हृदयविकार असला, वा कुटुंबात कोणी तरुणपणी अचानक गेले असले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. तेथे संकोच नको. इतरांनीही एकदा नीट तपासणी करून घ्यावी. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि डॉक्टरांस आवश्यक वाटेल ते. मात्र निर्वाळा मिळाल्यावर त्याच प्रश्नाचे उत्तर दहा ठिकाणी मागत फिरू नये. प्रत्येक नवा निर्वाळा भीतीला खतपाणी घालतो.

त्यानंतरचे काम कष्टाचे आहे. ऑक्सिमीटर कपाटात टाकावे. नाडी मोजण्याची इच्छा झाली, तर ती पंधरा मिनिटे पुढे ढकलावी. उद्या अर्धा तास ढकलावी. धडधड सुरू झाली, तर हातातले काम न सोडता, श्वास सावकाश बाहेर सोडत तिला येऊ द्यावे व जाऊ द्यावे. डॉक्टरांनी मुभा दिली असेल, तर रोज थोडे अधिक चालावे. जिना टाळू नये. चहा-तंबाखू आवरावी, झोप राखावी. भीतीला सामोरे जाण्याची ही पद्धत मानसोपचारात शास्त्रशुद्ध रीतीने शिकविली जाते व गरज पडल्यास औषधेही उपयोगी पडतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेडाचा शिक्का नव्हे. ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली असून तिच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

परंतु एकट्याच्या निग्रहावर सारा भार टाकणे हा समाजवादी विचार नव्हे. भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते, की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचारांस मुकू नये. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, कोविडवरील खर्च धरूनही तो १.८४ टक्केच होता आणि एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के वाटा लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. नागपूरचे ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ ही विदर्भाचीच नव्हे, तर बालाघाट-छिंदवाड्याकडील गोरगरिबांचीही आधारस्थाने आहेत. येथील मनोरुग्णालय १८६४ पासूनचे. तथापि बाह्यरुग्ण विभागातील ती रांग पाहिली, की एकेका रोग्याच्या वाट्याला किती मिनिटे येणार हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय मानसोपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. तेव्हा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ईसीजीची सोय असावी, रक्तक्षय व सिकलसेलची तपासणी नियमित व्हावी आणि रोग्याचे ऐकून घेणारा प्रशिक्षित समुपदेशक असावा, ही मागणी आमच्या मोर्चांच्या निवेदनांत आली पाहिजे. आजवर ती कितीदा आली, याचे उत्तर आपण स्वतःलाच द्यावे.

आणखी एक गोष्ट आपल्याच हातात आहे. प्रस्तुत लेखकाचे पहाटेचे नाडीपुराण थांबले, ते एका वृद्ध डॉक्टरांमुळे. त्यांनी एकदा तपासले, मग खुर्ची ओढून बसले आणि विचारले, ‘सर, २०२१ मध्ये तुमचे कोण कोण गेले?’ त्या प्रश्नाला उत्तर देताना प्रथमच रडू आले. आपल्यापैकी पुष्कळांनी आपली माणसे गमावली आणि दुसऱ्या दिवशी धान्यवाटपाच्या कामाला लागलो. शोक करावयास वेळ मिळालाच नाही. तो शोक कोणाच्या छातीत धडधडीच्या रूपाने ठाण मांडून बसला असल्यास नवल नाही. शाखेच्या बैठकीत विषयपत्रिकेआधी दहा मिनिटे एकमेकांची विचारपूस झाली, तर क्रांती लांबणार नाही.

तो ऑटोवाला कार्यकर्ता अलीकडे पुन्हा बैठकांना येऊ लागला आहे. धडधड गेली काय, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘गेली नाही सर, येतेच अधूनमधून. आता मी तिच्यासाठी थांबत नाही.’ सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळावयास तोच सर्वांच्या आधी उठला होता.