मेघांचा जमाखर्च

फटाक्याच्या आवाजाविषयी आपल्या देशात १९९९ साली एक नियम झाला. फटाका जेथे फुटतो तेथून चार मीटरांवर आवाज मोजावयाचा, आणि तो १२५ डेसिबेलच्या वर गेल्यास तो फटाका करणे, विकणे व उडविणे ही तिन्ही निषिद्ध. धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या धंद्यावरच नावारूपास आले. तेथील एखादा कारखानदार उद्या म्हणू लागला की, ‘माझ्या फटाक्याचा आवाज मोठा आहे खरा; परंतु मी दूरच्या एका गावाची शांतता वर्षभरासाठी विकत घेतली आहे, सबब माझा फटाका निःशब्द समजावा,’ तर लोक त्यास हसतील. हेच विधान संगणकव्यवसायातील बड्या कंपन्या धुराविषयी करतात, आणि आमचे सुशिक्षित बांधव मान डोलावून ते वाचतात!

या व्यवसायाने आपल्यास ‘क्लाउड’ हे नाव घेतले आहे. आमच्या अवर्षणग्रस्त भागात मेघ हा शब्द पाण्याच्या आशेने उच्चारला जातो. हा नवा मेघ मात्र जमिनीवर भिंतींच्या आत राहतो, अहोरात्र तापतो आणि गार राहण्यासाठी पुन्हा वीजच खातो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे व मुंबई येथे, ॲमेझॉनने २०१६ साली व गूगलने २०१७ साली मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. ऐरोली, महापे या बाजूस तर अशा इमारतींची रांगच लागली आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का.

या विजेपायी किती कार्बन हवेत गेला, हे सांगण्याच्या दोन रीती २०१५ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने मान्य केल्या आहेत. एक स्थानाची: ज्या जाळ्यातून वीज घेतली त्या जाळ्याचा धूर आपल्या नावे लिहावा. दुसरी बाजाराची: वाऱ्याच्या वा सूर्याच्या विजेची प्रमाणपत्रे अथवा करार विकत घेतले असतील, तर तेवढा धूर वजा करावा. दोन्ही आकडे द्यावेत असे मार्गदर्शिका सांगते. ठळक अक्षरांत छापला जातो तो दुसरा. ॲमेझॉनने २०२४ साली जाहीर केले की, आपण २०२३ मध्ये वापरलेली सर्व वीज अक्षय ऊर्जेशी ‘जुळविली’. जुळविली या क्रियापदाकडे वाचकांनी नीट पाहावे. ‘वापरली’ असे ते म्हणत नाहीत.

या जुळवणीत काय होते ते आमच्या माळावरून चांगले दिसते. तेरखेडा ज्या वाशी तालुक्यात आहे, तेथे व शेजारच्या भूम तालुक्यात पवनचक्क्या उभ्या आहेत. (योगायोग असा की, नवी मुंबईतही एक वाशी आहे. एका वाशीत वारा विजेत बदलतो, दुसरीच्या शेजारी ती वीज खपते.) आमच्याकडील वारा मुख्यतः पावसाळ्याचा, आषाढात पाती वेगाने फिरतात, हिवाळ्यात बराच काळ आळसावतात. डेटा सेंटरास मात्र ऋतू नाही. मार्गशीर्षातील निवांत रात्री त्याची यंत्रे चालतात ती बहुतांशी चंद्रपूर-परळीसारख्या ठिकाणी जळणाऱ्या कोळशावर. वार्षिक बेरीज केली की आषाढाचा वारा मार्गशीर्षाच्या धुरावर टाकून वही कोरी करता येते. अशी वही ठेवणाऱ्या गुमास्त्यास कोणत्या सावकाराने ठेवून घेतले असते?

आकड्याने बोलू. गूगलने २०२५ साली प्रसिद्ध केले की, जेमिनी या यंत्रास विचारलेल्या मध्यम प्रतीच्या एका लेखी प्रश्नास ०.२४ वॉट-तास वीज लागते व ०.०३ ग्रॅम कार्बन निघतो. हा कार्बन बाजाराच्या रीतीने काढलेला आहे. भारतीय जाळ्यात एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो; तोच प्रश्न या जाळ्यावर सोडविला, तर एकट्या विजेचाच आकडा ०.१७ ग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे पाचपटीहून अधिक! वीज तीच, प्रश्न तोच. बदलले ते जाळे आणि वही.

दुसरा लाडका आकडा २००७ पासून प्रचारात असलेल्या ‘पीयूई’चा: इमारतीच्या एकूण विजेस यंत्रांच्या विजेने भागावयाचे. गिरणीत दळण नसता जाते रिकामे फिरत ठेवले, तरी या गणिताने गिरणी उत्तमच ठरते. अधिक लिहिण्याची गरज नाही.

आमच्यावर आक्षेप येईल की, तासातासाचा हिशेब ठेवणे अशक्य. परंतु आपल्या देशाच्या पश्चिम विभागात २००२ पासून विजेचा व्यवहार पंधरा-पंधरा मिनिटांच्या, दिवसाच्या ९६ भागांत मोजला जात आहे. स्वतः गूगलनेही २०२० साली तासागणिक निर्धूर वीज वापरण्याचे ध्येय जाहीर केले. वार्षिक बेरीज अपुरी आहे, याची ही कबुलीच नव्हे काय? दुसरा आक्षेप वजनदार आहे: कंपन्यांच्या दीर्घ करारांमुळे नव्या पवनचक्क्या उभ्या राहतात. अशा कराराचे श्रेय आम्ही आनंदाने देऊ. पण ते निराळ्या रकान्यात लिहावे. दानाची पावती दाखवून कर्ज फिटत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरांस सवलती देऊ केल्या आहेत. सवलत घेणाऱ्याने आपल्या प्रत्येक इमारतीची वीज व स्थानिक धूर तासागणिक जाहीर करावा, अशी अट तीत घालावयास काय हरकत आहे? आणि आमच्या विद्यापीठांनी, ज्यांचे ग्रंथालय, परीक्षा व प्रवेश आता या मेघांत जाऊन बसले आहेत, पुढील निविदेत पुरवठादारास एवढे तरी विचारावे: आमच्या कामास किती युनिट लागली, कोठल्या जाळ्यातून, आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी?