पुंगळी काढून काय मिळते?



एप्रिल महिना जवळ आला की वस्तीतल्या पोरांच्या हातात पाने-पेचकस दिसू लागतात. गाडी धुतली जाते, निळा झेंडा बांधायला काठी शोधली जाते, आणि मग कोणीतरी म्हणतो, "सायलेन्सरची पुंगळी काढू या, आवाज घुमला पाहिजे." १४ एप्रिलच्या रॅलीसाठी काढलेली ही पुंगळी पुढे वर्षभर परत बसत नाही. ती तिथे कशासाठी होती हे काढणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून आज थोडे त्याविषयी.

इंजिनातला धूर सरळ बाहेर पडला तर प्रत्येक स्फोट बंदुकीच्या बारासारखा ऐकू येईल. म्हणून सायलेन्सरच्या पोटात पत्र्याचे पडदे, कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात. त्यांतून वळणे घेत जाताना धूर पसरतो, निवतो आणि त्याचा आवाज दबतो. शेवटच्या टोकाला बसते ती नळी म्हणजे पुंगळी.

जुन्या टू-स्ट्रोक गाडीची गोष्ट त्याहून न्यारी. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली यामाहा आरएक्स १०० आजही काही घरांत जिवापाड सांभाळलेली दिसते. तिचा सायलेन्सर मध्ये फुगलेला आणि पुढे निमुळता का? टू-स्ट्रोकमध्ये जळका धूर बाहेर जाताना त्याच्या मागोमाग पेट्रोल आणि हवेचे ताजे मिश्रणही निसटते. निमुळत्या भागावर आपटून मागे फिरलेली दाबाची लाट हे निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. म्हणजे तो पाइप इंजिनाचाच एक भाग झाला. त्याला ग्राइंडर लावून आखूड केला की लाट चुकीच्या वेळी परतते, पिकअप पडतो आणि पेट्रोल कच्चेच बाहेर जाते. या गाडीची पुंगळी कंपनीने टोकाला एका स्क्रूवर बसवली, ती फेकून देण्यासाठी नव्हे, साफ करण्यासाठी! इंधनाबरोबर ऑइल जळते, काजळी साठते. स्क्रू काढून पुंगळी बाहेर ओढावी, तारेच्या ब्रशने खरवडावी आणि पुन्हा बसवावी. कोंडलेली गाडी याने खरोखर मोकळी होते. हे काम घरी जरूर करा. कोणी कॉस्टिक सोड्यात रात्रभर बुडवून ठेवायला सांगतात. पण एका खोलीच्या घरात, लहान मुले असताना, ती बादली नको. डोळ्यात थेंब उडाला तर दृष्टी जाऊ शकते.

आता रोजच्या १०० सीसीच्या फोर-स्ट्रोक गाडीकडे वळू. तिची ताकद ८ हॉर्सपॉवरच्या आसपास. पुंगळी काढल्यावर ती जोरात पळते असे पोरे शपथेवर सांगतात, पण पळतो तो आवाज. तेवढ्याशा इंजिनाला कंपनीचा सायलेन्सर पुरेसा मोकळा असतो. उलट जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर त्याच सायलेन्सरच्या हिशेबाने जमवलेला असल्यामुळे मिश्रण पातळ पडू शकते. खात्री करायची तर प्लग खोलून पाहा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक झाला असेल तर इंजिन नको तितके तापत आहे. अॅक्सिलरेटर सोडल्यावर 'फाट-फाट' होते त्याचे पोरांना मोठे कौतुक! न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटते, त्याचा तो आवाज. ते पेट्रोल आपल्याच पैशाचे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्या धुराच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा एक भाग असतो. विषारी धूर सौम्य करण्यासाठी त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या सोन्याच्या पंगतीत बसणाऱ्या धातूंचा पातळ थर दिलेला असतो. म्हणूनच मूळ सायलेन्सर महाग. "नवा फटाका सायलेन्सर स्वस्तात बसवून देतो, जुना आमच्याकडे राहू दे," असे कोणी गोड बोलून सांगितले तर सावध व्हा. त्या जुन्यात काय आहे हे त्याला ठाऊक असते, आपल्या पोराला नसते.

आणि कायदा? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज-धुराचे नियम मोडल्यास पहिल्या गुन्ह्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. ज्याचे पोट डिलिव्हरीवर आहे त्याने या शेवटच्या शब्दांचा अर्थ नीट लावावा. बंगल्यातल्या पोराची गाडी अडकली तर तो दुसरी काढतो. आपल्याकडे एका गाडीवर घराचे रेशन आणि बहिणीची फी चालते.

रॅलीचे म्हणाल तर, पालि साहित्यातल्या सामञ्ञफल सुत्तात एक प्रसंग आहे. राजा अजातशत्रू पौर्णिमेच्या रात्री जीवकाच्या आमराईत भगवंतांच्या भेटीला निघाला. तिथे १२५० भिक्खू बसले आहेत असे त्याला सांगितले होते, पण खोकल्याचाही आवाज येईना. राजा घाबरला; हा आपल्याला शत्रूच्या हाती तर देत नाही ना, असे त्याने जीवकाला विचारले. शांत बसलेल्या माणसांची अशीही एक जरब असते. रॅलीच्या वाटेवर दवाखाना असतो, बाळंतीण असते, रात्रपाळी करून झोपलेला बाप असतो, आणि तो बहुधा आपल्याच वस्तीतला असतो.

पुंगळी नुसती काढून ठेवली असेल तर पलंगाखालच्या डब्यात शोधा. दहा मिनिटांचे काम आहे. कापून वेल्डिंग केले असेल तर मूळ सायलेन्सर घेण्यावाचून गत्यंतर नाही. तो बसवताना इंजिनाकडचे गॅस्केट नवे घाला, नाहीतर तिथून धूर फुसफुसत राहील. सायलेन्सरच्या बुडाला बारीक भोक असेल तर ते गळती समजून बुजवू नका. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन निघते. त्यातले आत साचलेले पाणी त्या भोकातून निथळते. भोक बुजले की पत्रा आतून गंजतो.

आयाबायांसाठी एक. सायलेन्सर बदलताना त्यावरचे पत्र्याचे आवरणही पुष्कळदा निघून जाते, आणि मग दारात लावलेल्या गाडीला खेळणाऱ्या लेकराची पोटरी चिकटते. ते आवरण मागून घेऊन बसवायला लावा. भाजलेच तर टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली पाय वीस मिनिटे धरा, बर्फ नको. फोड आला तर फोडू नका, आणि भाजलेली जागा लेकराच्या तळहाताहून मोठी असेल तर सरळ दवाखाना गाठा.