मोठ्या दिवाणखान्यांतील खर्ज

वांद्र्याहून एका भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. वांद्रें पूर्वेकडील त्यांच्या जुन्या वसाहतीचा पुनर्विकास झाला, दोघां भावांस शेजारशेजारच्या जागा मिळाल्या, आणि बिऱ्हाड एकच ठेवावयाचें म्हणून रीतसर परवानगीनें मधली भिंत काढून एक प्रशस्त दिवाणखाना करण्यांत आला. तो ३० फूट लांब व १८ फूट रुंद आहे; स्वयंपाकघर व जेवणाची जागा त्याला उघडीच जोडलेली आहे. आतां धाकट्या भावोजींच्या मनांत गाण्यासाठीं सबवूफर आणावयाचा आहे. मामंजींना रागदारीची आवड, मुलांना चित्रपटगीतांची. सासूबाईंचें म्हणणें, छातींत धडधड करणारी वस्तु घरांत नको. आणि खालच्या मजल्यावर हृदयविकाराचे एक वृद्ध गृहस्थ राहतात. खर्चाची मर्यादा तीस हजार रुपये. "घ्यावा कीं नाहीं, आणि घ्यावयाचाच तर कसा निवडावा?" असा भगिनींचा प्रश्न आहे.

आमचें मत, घ्यावा. परंतु सबंध दिवाणखाना खर्जानें भरून टाकावा ही जी भावोजींची कल्पना दिसते, ती सोडून घ्यावा. तीस हजारांत ती साधत नाहीं. आणि साधली असती तरी या घरास ती मानवली नसती.

मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत आंदोलनांचा ध्वनि ग्रहण करितो. फडताळावर मावणारे लहान ध्वनिक्षेपक ८०-१०० आंदोलनांच्या खालीं थकतात. तेथून पुढचें काम सबवूफर उचलतो. (त्यास 'खर्जाची पेटी' म्हणावें असें आमच्या मनांत होतें, पण आपल्या घरांत पेटी म्हटलें कीं कोणी तरी भाता मारावयास बसतें, म्हणून रूढ शब्दच ठेवितों.) आतां आपल्या संगीतांत इतक्या खालीं असतें तरी काय? पुरुष गायकाचा तंबोरा काळी एकमध्यें लावला तर जोडीच्या तारा सुमारें १३९ आंदोलनांवर व खर्जाची तार ६९ वर येते. डग्ग्याचा घुमारा बहुधा शंभराच्या आंत असतो. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ वर, पियानोची अगदीं डावीकडची पट्टी २७॥ वर. म्हणजे ३५ आंदोलनांपर्यंत स्वच्छ उतरणारा सबवूफर मामंजींच्या गाण्यास पुरून उरतो, आणि मुलांचेंहि फारसें अडत नाहीं. २० पर्यंत उतरणारे सबवूफर मिळतात. त्यांचा खरा उपयोग चित्रपटांतील भूकंप व स्फोट ऐकणारांस. १९७४ सालीं 'अर्थक्वेक' चित्रपटासाठीं चित्रगृहांत खास प्रचंड ध्वनिक्षेपक बसवून प्रेक्षकांना हादरे देण्यांत आले, तेव्हांपासून या शौकास बहर आला. एक सप्तक खालीं उतरून तितक्याच जोराचा ध्वनि काढावयाचा तर चौपट हवा हलवावी लागते. यावरून त्या शेवटच्या सप्तकास किती दाम मोजावे लागत असतील तें उघड आहे. गाणें ऐकणाऱ्यानें ते मोजूं नयेत.

मामंजींच्या संग्रहाविषयीं एक गोष्ट येथेंच सांगतों. गौहरजान यांचें गाणें कलकत्त्यास १९०२ सालीं मुद्रित झालें. तेव्हांपासून १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्यानें मुद्रण सुरू होईपर्यंतच्या सर्व तबकड्या कर्ण्यांत गाऊन केलेल्या आहेत. त्या कर्ण्यानें खर्ज पकडलाच नाहीं. जें तबकडींत नाहीं तें सबवूफर कोठून आणणार? उलट तबकडी फिरविणाऱ्या यंत्राची घरघर तेवढी तो मोठी करून दाखवितो. असल्या तबकड्या लागल्या म्हणजे सबवूफर बंद ठेवावा.

आतां दिवाणखाना. दुकानदार विचारतो, "हॉल केवढा?" आणि आपण ३० गुणिलें १८ सांगून मोकळे होतों. पण खर्ज भिंतीपाशीं थांबतो, दारापाशीं नव्हे. भगिनींनीं दिलेल्या मापांवरून, ९॥ फूट उंची धरून, दिवाणखान्याचें घनफळ ५,१३० घनफूट होतें. स्वयंपाकघर व जेवणाची जागा (१४ × १२) मिळून १,५९६. आणि आंतल्या खोल्यांकडे जाणारा २० फुटी बोळ ७६० घनफूट. एकूण जवळजवळ ७,५०० घनफूट, म्हणजे १४ फूट लांब व १२ फूट रुंद अशा नेहमींच्या बंद खोलीच्या पावणेपांच पट. दुकानांतील लहान खोलींत ऐकून वस्तु पसंत करणारांची फसगत होते ती येथें.

फरक नुसता घनफळाचा नाहीं. ध्वनि सेकंदास सुमारें १,१२५ फूट धांवतो. १४ फुटी बंद खोलींत ४० आंदोलनांच्या खालीं ध्वनिलहरीची अर्धी लांबीसुद्धां मावत नाहीं. तेथें सबवूफर खोलींतील सगळी हवा एकदम दाबतो व सोडतो, आणि खोली स्वतःच खर्जाला हातभार लावते. ३० फुटी दिवाणखान्यांत हा हातभार १९ आंदोलनांच्या खालींच मिळावयाचा, आणि तेथें संगीत संपलेलें असतें. त्यांतच एक बाजू मोकळी. थोडक्यांत, लहान खोलींत जें फुकट मिळतें तें येथें विकत घ्यावें लागतें.

शिवाय भिंतींमधून जाऊन-येऊन लहरी एकमेकींवर चढतात व एकमेकींस खोडतातहि. १८ फुटांच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर ३१ आंदोलनांचा स्वर जवळजवळ नाहींसा होतो. बहुतेक घरांत सोफा नेमका तेथेंच मांडलेला असतो. जमीन व छत यांमध्यें ५९ आंदोलनांच्या आसपासचा स्वर अर्ध्या उंचीवर, म्हणजे पावणेपांच फुटांवर, विरतो. उभ्या असलेल्या गृहिणीचा कान साधारण त्याच उंचीवर असतो. खालीं गादीवर बसलेल्या मामंजींना त्या स्वराचा घुमारा भरदार वाटेल, आणि ओट्यापाशीं उभ्या असलेल्या भगिनींना तो फिका. दोघेहि खरें बोलत असतील. पडदे, गालिचे व उशा यांनीं हें बदलत नाहीं; त्या वस्तु वरच्या स्वरांस शोषितात, खर्ज त्यांच्यांतून निघून जातो.

मग तीस हजारांत काय पाहावें? खोक्यावर छापलेल्या वॅटांच्या आंकड्यावर जाऊं नये. 'पी.एम.पी.ओ.' अक्षरें दिसलीं कीं तो आंकडा वाचण्याचे श्रमहि घेऊं नयेत, 'आर.एम.एस.' असें लिहिलेला आंकडा त्यांतल्या त्यांत विश्वसनीय. वॅट दुप्पट केले तरी फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानास आवाज 'दुप्पट' वाटावयास सुमारें १० डेसिबल लागतात. त्यापेक्षां पडद्याचा व्यास पाहावा. १० इंची पडद्याचें क्षेत्रफळ ८ इंचीच्या दीडपटीहून अधिक, १२ इंचीचें सव्वादोनपट. अमेरिकेंतील 'केएलएच' कारखान्याचे एक संस्थापक हॉफमन (प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे हे चिरंजीव) यांच्या नांवानें एक नियम सांगतात: खोल खर्ज, थोड्या विजेंत मोठा आवाज व लहान खोकें या तिहींपैकीं कोणतींहि दोन मिळतात, तिसरें सोडावें लागतें. तेव्हां शोभेच्या कपाटांत बसेल इतका चिमुकला सबवूफर खोल खर्जाचें आश्वासन देऊं लागला तर तो दाम कशाचे घेत आहे हें विचारावें.

खोकीं दोन जातींचीं असतात: पूर्ण बंद, आणि भोंक ठेवलेलीं. गाण्यास बंदच चांगलें असा एक प्रवाद आहे. लहान खोलींत तो बराचसा खरा आहे. मोठ्या उघड्या दिवाणखान्यांत मात्र स्वस्त, बंद व लहान खोकें धापा टाकूं लागतें आणि धापेचा आवाज गाण्यास कधींच चांगला नाहीं. भोंकांतली हवा ठराविक स्वराजवळ पडद्याच्या मदतीस येते. ही युक्ति जुनीच आहे. बेल प्रयोगशाळेंतील थुरास यांना तिचें पेटंट १९३२ सालीं मिळालें. या घरासाठीं आम्ही भोंकाचें १० इंची खोकें सुचवूं. नामांकित कारखान्याचें १२ इंची त्याच किंमतींत मिळालें तर तें. 'इतक्या आंदोलनांपर्यंत' या दाव्यापुढें किती डेसिबलची घट धरली आहे तें लिहिलेलें असावें. ३ असेल तर दावा प्रामाणिक, १० असेल तर अर्धा सोडून द्यावा, आणि कांहींच लिहिलेलें नसेल तर जाहिरात समजावी.

पण निवडीपेक्षां मोठी गोष्ट जागेची, आणि आमचा सगळा भर हिच्यावर आहे. सबवूफर दूरदर्शन-संचाच्या शेजारीं, ऐकणारांपासून १६ फुटांवर ठेवण्याची चाल आहे. तो उचलून बैठकीशेजारीं, चार फुटांवर आणावा. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं ध्वनि ६ डेसिबल उतरतो. भिंतींमुळें घरांत हा हिशेब थोडा ढळतो, तरी १६ वरून ४ फुटांवर येण्यानें १२ डेसिबलपर्यंत लाभ संभवतो. विजेच्या जोरावर तेवढाच लाभ मिळवावयाचा तर सोळापट वॅट लागतील! सुमारें ८० आंदोलनांच्या खालचा ध्वनि कोठून येतो हें कानास नीट उमगत नाहीं. म्हणून मुख्य ध्वनिक्षेपकांशीं वांटणी ८० वर ठेवली तर गाणें समोरूनच येत असल्यासारखें वाटतें. दिवाणखाना भरावयाचा नाहीं, बैठक भरावयाची आहे, असें ठरविलें कीं १० इंची सबवूफर पुरतो, स्वयंपाकघरांतील झांकण्या थरथरत नाहींत, आणि सासूबाईंना आपल्या खोलींत जपाची माळ ओढतांना त्याचा पत्ता लागत नाहीं. घरांतील भिंत सर्वांनीं एकत्र यावें म्हणून काढली. एकाचें गाणें सर्वांवर लादावें म्हणून नव्हे.

बैठकीच्या आसपास नेमकी कोणती जागा, हें ठरविण्याची एक विनोदी पण अचूक रीत आहे. सबवूफर मामंजींच्या गादीवर ठेवावा, खर्जाची चाल चढत-उतरत जाणारें एखादें गाणें लावावें, आणि भावोजींनीं आसपासच्या शक्य त्या जागांवर कान जमिनीजवळ नेऊन रांगत फिरावें. जेथें सर्व स्वर सारखे ऐकूं येतील, एखादाच गुरगुरणार नाहीं, तेथें सबवूफर व गादी यांची अदलाबदल करावी. मुलांना हा कार्यक्रम फार आवडतो. मागें '०' व '१८०' असें बटण असतें. ज्या बाजूस डग्गा भरीव वाटेल ती बाजू ठेवावी. आवाज इतकाच असावा कीं चालू असतां सबवूफरची आठवण होऊं नये, आणि कोणी न सांगतां बंद केला तर तंबोरा एकदम पोरका वाटावा. पुढें कधीं ऐपत झाली तर मोठ्यानें हा बदलण्यापेक्षां त्याच जातीचा दुसरा घेऊन निराळ्या ठिकाणीं ठेवणें बरें. दोन ठिकाणांहून निघालेल्या लहरी एकमेकींचे खळगे भरून काढतात.

राहिले खालच्या मजल्यावरचे वृद्ध गृहस्थ. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. परंतु हें माप ज्या पद्धतीनें घेतात तींत कानाची खर्जाविषयींची मंदता धरून ४० आंदोलनांच्या ध्वनीस जवळजवळ ३५ डेसिबलांची सूट मिळते. तेव्हां मापकांतील आंकडा निर्दोष असूनहि खालीं अंथरुणावर पडलेल्या मनुष्यास तो ठोका जाणवूं शकतो. सबवूफरखालीं जाड रबरी बैठक घालावी. तिनें फरशींतून जाणारा कंप कमी होतो, हवेंतून जाणारा होत नाहीं. सामाईक भिंतीस तो टेकवूं नये. आणि खरी कसोटी म्हणजे भगिनींनीं स्वतः एक दिवस सायंकाळीं त्या गृहस्थांकडे जाऊन बसावें, वर नेहमींसारखें गाणें लावावयास सांगावें, आणि खालीं काय पोंचतें तें ऐकावें. जेथें तें नाहींसें होईल तेथें सबवूफरच्या बटणावर खूण करून ठेवावी. ती खूण ओलांडण्याचा अधिकार घरांत कोणासहि नसावा, भावोजींसहि नाहीं. रात्रीं हळू ऐकतांना खर्ज अगदींच लोपल्यासारखा वाटतो. तो कानाचा धर्म आहे, फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं तो मोजून दाखविला. रात्रीं तो तसाच लोपूं द्यावा.

खरेदीस लॅमिंग्टन रोडवर जावें, पण आवडल्यास ठेवूं, न जमल्यास आठ दिवसांत परत, अशी बोली पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊं नयेत. ७,५०० घनफुटांची परीक्षा दुकानांत होत नाहीं. घरचा ॲम्प्लिफायर जुना असून सबवूफरसाठीं वेगळें तोंड नसेल, तर ध्वनिक्षेपकांच्या तारा जोडतां येतील अशीं तोंडें असलेलाच सबवूफर घ्यावा. जोडल्यावर गुणगुण ऐकूं आली तर कित्येक कारागीर प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकतात. तसें मुळींच करूं देऊं नये, दोन्ही यंत्रें एकाच विजेच्या फळीवर लावून पाहावीं. पत्राच्या शेवटीं भगिनी लिहितात कीं, न्यू जर्सीचा भाचा दिवाळींत येणार असून तिकडे स्वस्त मिळणारा १२ इंची सबवूफर आणावयास तयार आहे. त्यास आधीं मागील बाजूचा फोटो पाठवावयास सांगावें. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. '२२०-२४०' चा पर्याय तेथें छापलेला नसेल तर तो सबवूफर आपल्या भिंतींत लावतांच जळेल. आणि छापलेला असला तरी असल्या वस्तूचें वजन वीस किलोच्या घरांत जातें, म्हणजे भाच्याची एक अख्खी बॅग त्यांतच संपेल आणि मुलांसाठीं कबूल केलेलें दुसरें कांहीं येणार नाहीं.